मागच्याप्रमाणे

लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, रक्त बघून चक्कर येत नाही का? आणि दुसरा, हा जरा आवाज खाली करून, तुम्हाला कधी काही दिसलं का? पहिल्याचं उत्तर, नाही. चक्कर आली ती एकदाच, आणि तीही उपाशीपोटी स्टेशनचा जिना चढताना. दुसरा प्रश्न मी इतकी वर्षं हसण्यावारी नेत आले. यंदा दिवाळी अंकवाल्यांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा ठरवलं की एकदाचं उत्तर देऊन टाकावं. हो, दिसलं. भूत नव्हतं. भूत असतं तर बरं झालं असतं, सगळा दोष त्याच्यावर ढकलता आला असता.

मी भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. खाली फरसाणाचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, त्यामुळे लॅबला फिनेल आणि तळलेली पापडी यांचा एकत्र वास यायचा. मी काही नर्स नाही, पण पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई आमच्याकडे सिस्टर असते, म्हणून मी कांबळे सिस्टर. लोक तऱ्हेतऱ्हेचे. एका व्यापाऱ्याला मी हिमोग्लोबिन तेरा आलंय म्हणून सांगितलं, तर तो मटकन बाकावर बसला. "सौ में से तेरह? मतलब मैं फेल?" एक आजीबाई तपासून उरलेलं रक्त परत अंगात घाला म्हणून अडून बसल्या होत्या. "बचा हुआ खून किधर बेचती है तू?" असं सगळ्या बाकासमोर विचारलं त्यांनी मला. त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला आणि त्यांची समजूत काही पटली नाही.

आमचं काम बाहेरून दिसतं तेवढं सुईचं नसतं. सुई अर्ध्या मिनिटाची. खरं काम त्यानंतर. रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने एका दमात पुढे ओढायचा, की जिभेच्या आकाराचा पातळ पापुद्रा तयार होतो. तो वाळला की त्यावर जांभळा रंग ओतायचा, धुवायचा, परत वाळवायचा. ही झाली स्लाइड. मग मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी मोजायच्या, शंभर. कुठल्या जातीच्या किती. डाव्या हाताखाली बटणांचं यंत्र असतं, प्रत्येक जातीला एक बटण, आणि शंभर भरल्या की घंटी वाजते. कोणी शिकायला आलं की मी सांगायचे, डोळ्यांनी बघ, बोटांनी मोज, डोकं मध्ये आणू नकोस. मोठ्या अभिमानाने सांगायचे हे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या काळी ल्युपसचा संशय आला की एल. ई. सेल नावाची तपासणी करत. आता ती कोणी करत नाही, तिच्याहून सोप्या आणि पक्क्या तपासण्या आल्या. ल्युपस म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. सांधे, कातडी, मूत्रपिंड, जे सापडेल त्यावर. जास्त करून तरुण बायकांना होतो. ऊन सोसत नाही आणि नाकावर-गालांवर लाल चट्टा उमटतो.

तपासणी अशी. रक्त काढायचं, नळीत काचेचे मणी टाकायचे आणि हलवत राहायचं. मण्यांनी काही पेशी फुटतात, त्यांचं आतलं केंद्रक उघडं पडतं. मग नळी कोमट पेटीत ठेवून वाट बघायची. त्या रक्तात तो दोष असेल, तर त्याच रक्तातली एखादी धडधाकट पांढरी पेशी ते उघडं केंद्रक गिळते. शरीराच्या बाहेर, काचेत, कोणी सांगितलेलं नसताना. स्लाइडवर दिसतो तो पेशीच्या पोटातला गुळगुळीत जांभळा गोळा, आणि कडेला चेपून बसलेलं तिचं स्वतःचं केंद्रक. गोळ्यावर रेघ नाही, ठिपका नाही. बुबुळ नसलेला डोळा असावा तसा तो दिसतो. शंभर वेळा पाहिला तरी मला त्याची सवय झाली नाही.

मंदा आली ती भर दुपारी, पुरुषी काळी छत्री घेऊन, आणि खोलीत आल्यावरही तिने छत्री मिटली नाही. खारी गावातली सून, पंचविशीची. घरची थोडी भातशेती, नवरा मिठागरावर मुकादम. सोबत सासू होती, हातात पिशवी आणि तोंडात मिश्री. "लगनात अशी नव्हती," सासूने मला आधीच सांगून टाकलं, जणू माल बदलून मिळणार होता. मंदाच्या गालांवरचा चट्टा इतका रेखीव होता की कोणीतरी रंगवल्यासारखा वाटत होता. मिठागराच्या पांढऱ्या उजेडात तासभर उभी राहिली की आठवडाभर अंथरुणात, असं चाललेलं.

तपासणीत त्या पेशी ढिगाने दिसल्या. संध्याकाळी आमचे डॉक्टर बोरिवलीहून सह्या करायला यायचे, त्यांनी बघून मान हलवली आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला मंदा एकटीच आली. रिपोर्ट तिने घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "बाय, मना दाव ना. माज्या अंगातलं हाय, मना कवा बगाया मिलनार?"

पेशंटला स्लाइड दाखवायची पद्धत नव्हती. मी दाखवली. तिने एक डोळा हाताने झाकला आणि दुसरा भिंगाला लावला.

"हिनं कोनाला खाल्लंय?"

"तिच्यासारख्याच दुसरीला."

"मारून?"

"नाही ग. ती आधीच फुटलेली होती."

"वलख पटली नसंल," मंदा म्हणाली. डॉक्टरांनी मला हाच आजार तासभर समजावला होता, तो हिने तीन शब्दांत सांगितला. मग भिंगावरून डोळा न काढता ती म्हणाली, "बाय, ही माज्याकडं बगते." मी तिला बाजूला घेतलं आणि दिवा बंद केला.

नावाचं असं झालं. डॉक्टर म्हणाले ल्युपस. सासू म्हणाली लुपूस. मंदाने त्याचं लपूस केलं. "लपते म्हनून लपूस," असं तिने मला नीट समजावून सांगितलं, जणू हे नाव तिच्या माहेरच्या कोणाचं होतं. आजाराला ती 'ती'च म्हणायची. पुढची तीन-चार वर्षं दर महिन्याला ती आमच्याकडे रक्त द्यायला येत होती, कारण मुंबईचं हॉस्पिटल लांब आणि रांग मोठी, तिथे ती आमचाच कागद दाखवायची. दारात चपला काढताना सांगायची, "आज झोपलीय," किंवा "आज जागी हाय." आमच्याकडे उभ्या नळीत रक्त ठेवून ते तासाभरात किती खाली बसतं ते मोजतात. आजार भडकला की रक्त भराभर बसतं. मंदा झोपलीय म्हणाली की नळीतलं रक्त खरोखर सावकाश उतरायचं, आणि जागी हाय म्हणाली की सरसर. मी याला योगायोग म्हणायचे. पण हळूहळू अशी सवय लागली की ती दारात काय म्हणते ते आधी ऐकायचं आणि मग नळीकडे बघायचं. ती एकदाही चुकली नाही. एकदाही नाही, हे मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं.

आता मला माझ्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. दर महिन्याला येणारा पेशंट टेक्निशियनला तोंडपाठ होतो. मंदाच्या पांढऱ्या पेशी कायम कमी, लिंफ जातीच्या जरा इकडे-तिकडे, बाकी ठीक. ल्युपसमध्ये असंच असतं. मग होतं काय, गर्दीच्या दिवशी आपण स्लाइडवर नजर फिरवतो, ओळखीचा चेहरा दिसला की मान हलवतो, आणि रजिस्टरमध्ये लिहितो 'मा. प्र.'. म्हणजे मागच्याप्रमाणे. टाइप करताना मागच्या महिन्याचे आकडे एक-दोनने वरखाली करून उतरवायचे. हे शाळेत शिकवत नाहीत, पण भाईंदर ते बोरिवली कुठल्याही लॅबमधल्या जुन्या माणसाला विचारा, तो मान खाली घालेल.

त्या वर्षी गणपती झाले आणि मलेरियाने भाईंदर धरलं. बाकावर माणसं, जिन्यात माणसं, खालच्या फरसाणवाल्याच्या पायरीवर हुडहुडी भरलेली माणसं. त्या गर्दीत मंदा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज दोघी आल्यात."

मला वाटलं सासूला घेऊन आली. मी जिन्यात डोकावले. "कुठाय आई?"

"सासू न्हाय आली," ती म्हणाली आणि छातीवर हात ठेवला. "हितं. दोघी."

बाकावरच्या दोघी-तिघी बायका जरा सरकून बसल्या. मी मंदाला आत घेतलं. ती मुळीच घाबरलेली नव्हती, त्यामुळे मीच अस्वस्थ झाले.

"बाय, ही दुसरी हाय. लपूस न्हाय. तिला मी वलखते. ती उनातना येते, सांद्यात बसते, दुखवते, बोलते माज्याशी. ही बोलतच न्हाय. निस्ती येऊन बसलीय." तिने माझं बोट धरून आपल्या मानेवर ठेवलं. कातडीखाली सुपारीएवढी गाठ होती, गार नाही, गरम नाही, दाबली तरी दुखली नाही. "घाम येतो अंतरून भिजवनारा. जेवन जात न्हाय. आनि बाय, दोघींचं पटत न्हाय. लपूस हिला भिऊन गप बसलीय."

शेवटच्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. आणि काटा आला म्हणूनच मी जास्त शहाण्यासारखी बोलले. "मंदा, तुझा तो एकच आजार आहे ग. कधी इथे येतो, कधी तिथे. गाठीही त्यातच येतात. डोक्यात काही घेऊ नकोस."

"तू बगशील ना पन?"

"बघते," मी म्हटलं.

रिपोर्ट गेला तो मागच्याप्रमाणे.

मुंबईच्या डॉक्टरांनी तो कागद बघितला, गाठ बघितली आणि तेही म्हणाले ल्युपसमध्ये गाठी येतात. त्यांचं काही खोटं नव्हतं, येतातच. त्यांनी तिच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस वाढवला. तीन आठवड्यांत गाठ गेली. सासूने मला मुद्दाम येऊन पेढे दिले. मंदा मागे उभी होती, चेहरा गोळ्यांनी गोल झालेला आणि हात काटक्यांसारखे. ती हळूच म्हणाली, "गेली न्हाय. लपली." मग तेच सुरू झालं. दर महिन्याला ती दारात म्हणायची, दोघी आल्यात, आणि मी म्हणायचे, बस, हात दे. आता झोपलीय आणि जागी हाय बंद झालं होतं. सासू कोणा भगताकडे घेऊन गेली, त्याने दोरा बांधला. त्यानेही आत एकच आहे म्हणून सांगितलं. शिकलेले आणि न शिकलेले, आम्हा सगळ्यांचं एकमत होतं. "डोक्यात गेलंय तिच्या," सासू माझ्याशी कुजबुजायची, आणि मी नाही कसं म्हणणार? मीच तर कागद देत होते.

पाचव्या महिन्यात, उन्हाळा लागताना, एका सकाळी मंदाची स्लाइड लावली आणि लाइट गेली. मायक्रोस्कोपचा दिवा विझला. जुन्या मायक्रोस्कोपला खाली आरसा असतो, तो फिरवून खिडकीतलं ऊन आत घेता येतं. मी कित्येक वर्षांत तसं केलं नव्हतं. आरसा फिरवला, ऊन पकडलं आणि भिंगाला डोळा लावला.

स्लाइड ओळखीची नव्हती.

पिवळ्या दिव्यात रोज बघत होते ती जागा तीच, पण मध्ये मध्ये कोणीतरी येऊन बसलं होतं. लिंफ जातीच्याच पेशी, पण केंद्रकाला खोल चीर, अडकित्त्याने सुपारी अर्धवट कातरून सोडावी तशी. एक दिसली, दुसरी दिसली. मग जिकडे स्लाइड सरकवावी तिकडे. मी बटणांवर बोटं ठेवली, तर त्यांच्यासाठी यंत्रावर बटणच नव्हतं. बाहेर बाकावर लोक बोलत होते आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

आमच्याकडे स्लाइड वर्षभर लाकडी पेटीत ठेवायचो, खाचांत उभ्या, नंबर लावून. मी पेटी काढली. मागच्या महिन्याची स्लाइड उन्हात धरली. होत्या. त्याच्या आधीची. होत्या, कमी. त्याच्या आधीची. अशी मागे मागे जात मी त्या मलेरियाच्या महिन्यावर पोचले, जेव्हा तिने पहिल्यांदा दोघी आल्यात म्हटलं होतं. स्लाइड खाचेतून वर काढली आणि हात तिथेच थांबला.

काही वेगळं दिसलं की ती जागा परत सापडावी म्हणून आम्ही काचेवर शाईने बारीक गोल काढतो. डॉक्टरांचा लाल, माझा निळा. त्या स्लाइडवर निळा गोल होता.

मी तो भिंगाखाली धरला. गोलाच्या बरोब्बर मध्यभागी एक चीर पडलेली पेशी होती, आणि तिच्याशेजारी तशीच दुसरी.

मला तो गोल काढल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. त्या दिवशी मंदा काय बोलली ते शब्दन् शब्द आठवतं, बाकावर कोण होतं तेही सांगेन. पण ती स्लाइड लावली, ती पेशी पाहिली, दौतीत काडी बुडवली आणि गोल काढला, यातलं काही नाही. रजिस्टर उघडलं. त्या तारखेला तिच्या नंबरापुढे माझ्या अक्षरात होतं, मा. प्र. माझ्या एका हाताने खूण केली होती आणि दुसऱ्या हाताने काही नाही म्हणून लिहिलं होतं. लॅबमध्ये मी सोडून निळी शाई वापरणारं कोणी नव्हतं, तरी मी खुर्ची फिरवून मागे बघितलं. मागे स्टरलायझर होता, आणि कॅलेंडर.

संध्याकाळी डॉक्टरांनी आजची स्लाइड बघितली आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. मग मी निळ्या गोलाची ठेवली. त्यांनी ती फार वेळ बघितली. ते वाईट माणूस नव्हते. "कांबळे," ते म्हणाले, "दोन पेशी होत्या. दोन पेशींवर कोणीही ठाम बोललं नसतं." मी म्हटलं, "ठाम नको होतं बोलायला. नुसतं लिहायचं होतं, की आहेत." त्यांनी चष्मा पुसला. "कधीपासून होतं असं कोणी विचारलं, तर आत्ता दिसलं म्हणायचं. आणि ही पेटी धुवायला काढ, नाहीतरी भरलीय." स्लाइड धुवून परत वापरायची आमच्याकडे पद्धतच होती. निळा गोल स्पिरिटच्या एका बोळ्याने निघाला.

मुंबईला गाठीचा तुकडा काढून तपासला. लिंफ ग्रंथींचा कॅन्सर. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर नीट सांगितलं. ल्युपस असलेल्यांमध्ये रक्ताचे, ग्रंथींचे कॅन्सर इतरांपेक्षा थोडे जास्त दिसतात. रक्षण करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं जाग्या, सतत वाढतायत, सतत लढतायत, त्यात एखादी बिघडते, असं मानतात. काही औषधांचाही हात असू शकतो. नक्की कोणाला होणार हे सांगता येत नाही. आणि घोळ असा की दोन्ही आजार एकमेकांचे कपडे घालतात. गाठी, ताप, घाम, वजन उतरणं, दोघांत तेच. गोळ्या वाढवल्या की गाठ काही दिवस विरघळते, आणि सगळ्यांना वाटतं ल्युपसच होता. मी फोन ठेवला. गेली न्हाय, लपली, हे मला पेढे हातात असताना एका सातवी शिकलेल्या मुलीने सांगितलं होतं.

औषध सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मंदा लॅबमध्ये आली. रक्त द्यायचं नव्हतं. रिकाम्या बाकावर बसली, छत्री मांडीवर आडवी.

"दुसरी हाय ना, बाय?"

"हो," मी म्हटलं. "दुसरी आहे."

तिने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भीतीचं नव्हतं. खूप दिवस उन्हात उभ्या माणसाला कोणी बस म्हणावं, तसं काहीतरी.

"कवापासना?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आदल्या रात्री मी उत्तर दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी तसं बोलले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला स्वतःलाच ते सोयीचं होतं. मला नोकरी होती, नाव होतं, कांबळे सिस्टरच्या हाताला चूक नाही असं लोक म्हणायचे.

"आत्ताच," मी म्हटलं. "या महिन्यात आली. आधी नव्हती."

ती छत्रीची तार बोटाने खालीवर करत राहिली.

"मंग गनपती झाल्यावर मी बोलले, तवा न्हवती?"

"नव्हती."

"म्हंजे सासू बोलते तेच खरं." ती अगदी समजूतदारपणे म्हणाली. "तवा माजा भासच होता. मना वाटलं, मना आतलं कलतं. कलत न्हाय." मग उठली, माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "बाय, मी उगाच तुज्या मागं लागलेले. राग धरू नको." आणि जिना उतरून गेली. मी खिडकीतून बघितलं. काळी छत्री खारीच्या वाटेला लागली, आणि मी हाक मारली नाही. तोंड उघडायला दोन मिनिटं पुष्कळ होती. मी ती वाया घालवली.

औषधाचा पहिला फेरा तिने सोसला. केस गेले, गाठी गेल्या. मुंबईहून निरोप आला की चांगली साथ देतेय. दुसऱ्या फेऱ्यानंतर महिना उलटला तरी तिचा काही निरोप नव्हता. मग एक दिवस फरसाणवाल्याकडे खारीची एक बाई आली होती, तिने सांगितलं. मंदा गेली. सात दिवस झाले.

मी सुट्टी टाकून खारीला गेले. चारी बाजूंनी बिल्डिंगा उठत होत्या आणि मध्ये ते गाव, कौलं, माशांची जाळी, अंगणात बसलेल्या बायका. सासूने मला ओळखलं. सरकून चटई दिली. ती आता मोठ्याने बोलत नव्हती.

"दुसरी सुई झाल्यावर डाक्तर बोलले, आता साधा तापबी जीव घेईल, अंग जरा तापलं, थंडी वाजली, तर धावत यायचं. घरी बसायचं न्हाय," ती सांगू लागली. "चार दिस हिला आतना थंडी वाजत होती. हात लावला तर अंग गारच लागायचं, त्या गोल्या ताप दाबतात म्हने. आमाला काय कलनार? तिला कलत होतं. पन बोलली न्हाय. पाचव्या दिशी पडली तवा मी विचारलं, कवापासना गो? तर म्हनली, चार दिस. मी बोलले, मंग बोलली का न्हाय? तर म्हनली, मना वाटलं माजा भास असंल."

त्या अंगणात त्या वेळी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. पाच महिने आधी कळून किती फरक पडला असता ते कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. पण हे चार दिवस मी घेतले. आपल्याला आतलं कळतं, हे त्या मुलीला पक्कं माहीत होतं, एकदाही चुकली नव्हती ती, आणि ते मी एका शब्दाने तिच्याकडून काढून घेतलं.

मी सासूला सगळं सांगितलं. निळा गोल, रजिस्टर, धुतलेली पेटी, आत्ताच म्हटलेलं. गाळलं काही नाही. मला वाटलं आता म्हातारी शिव्या देईल, आणि द्याव्यात असं वाटत होतं.

ती उठली आणि दारातून आत हाक मारली. मंदाचा नवरा बाहेर आला, दाढी वाढलेला. म्हातारीने त्याला माझ्यासमोर बसवलं.

"परत सांग," ती मला म्हणाली.

मी परत सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या दोघी समाचाराला आल्या. म्हातारीने त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही लॅबवाली बाय. हिच्याकडना ऐका. परत सांग गो." मी सांगितलं. मंदा गणपती झाल्यावर दोघी आहेत म्हणाली, तेव्हा खरोखर दोघी होत्या. तिला भास झाला नव्हता. मला काचेवर दिसलं होतं आणि मी बोलले नाही.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत खारीत जो जो त्या अंगणात आला, त्याला म्हातारीने मला ते सांगायला लावलं. ती मला एक वाईट शब्द बोलली नाही. मध्ये चहाही दिला. फक्त कोणी नवीन आलं, चपला काढून टेकलं, की ती माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणायची, "परत सांग." नंतर तीही राहिली नाही. तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय, म्हणून परत सांगितलं.